रंगाचे दोन लाख

गेल्या चैत्रातला रविवार. हैदराबादचं संग्रहालय. हजर आम्ही सहाजण: मी, माझा नवरा, माझी लेक, तिचा होणारा नवरा आणि त्याचे आईबाप. ठरलेली रक्कम आठ लाख. सहा हुंड्याचे, दोन लेकीच्या रंगाचे. मुखेडला बैठकीत मुलाकडचे असंच बोलले होते. आमच्या घरात बसून, आमचा चहा पिऊन. लेक काळी आहे. माझ्यावर गेली आहे.

दोन्ही घरं एकाच भाड्याच्या गाडीनं आलो होतो, लग्नाचा बस्ता बांधायला. कापडदुकान उघडायला वेळ होता म्हणून आत शिरलो.

एका भिंतीवर आफ्रिकेतलं मोठं चित्र. बाजाराला निघालेल्या तीन बाया. तव्याच्या बुडासारख्या काळ्या. अंगावर हळदीसारखं पिवळं, मिरचीसारखं लाल. मुलाची आई चित्रासमोर थांबली. मला म्हणाली, "इहीनबाई, तुमचं माहेर सापडलं की हितं."

सगळे हसले. माझा नवराही हसला.

मग तिनं लेकीला चित्राशेजारी उभं केलं. मोबाइल काढला. "दात दाखव गं बाई. न्हाईतर फोटोत दिसायची न्हाईस."

लेकीनं दात दाखवले. फोटो लगेच त्यांच्या नातलगांच्या ग्रुपवर गेला. मुलानं आपल्या मोबाइलात तो पाहिला आणि पुन्हा हसला.

मी चित्राकडे बघत राहिले. हळदीची साडी सोडली तर माझ्या अंगाला कधी पिवळं लागलं नाही. सासू म्हणायची, काळ्यावर भडक घालू नये, लोक बघतात. लग्नापासून राखी, बदामी, मातकट. त्याच पहाटे मी लेकीच्या मानेपर्यंत पावडर थापली होती. आता घामानं पावडरीत रेघा पडल्या होत्या. त्या चित्रकारानं बायांच्या काळ्यात पांढरा ठिपकाही मिसळला नव्हता. आणि त्या खाली बघत नव्हत्या.

मी पदरानं लेकीचं तोंड पुसलं. सगळ्यांदेखत. कपाळ, गाल, मान. पदर पांढरा झाला. लेकीनं ओठ मिटले.

"बस्ता बांधायचा न्हाई," मी म्हणाले. "सोयरीक मोडली."

नवरा दात खाऊन म्हणाला, "काळी पोरगी जलमभर घरात ठेवून घेणार हायस का?"

"हाव, ठेवणार."

लेक माझ्याआधी दाराकडे निघाली.

त्यानंतर तिला स्थळ आलेलं नाही.

गाडीभाड्याचा आमचा निम्मा वाटा, तीन हजार, मी त्याच दारात मुलाच्या आईच्या हातावर मोजला. अठराशे पिवळ्याजर्द साडीचे, दुकानदाराला. ती मी नेसते. रंगाचे दोन लाख कुणालाही दिले नाहीत. देणार नाही.