पंचफुलामावशीची भेंडी

पंचफुलामावशीच्या भेंडीत काही सापडायचं नाही. म्हणूनच आम्हाला ती पाहिजे असायची.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं.

आधी कामाचं सांगते. मी यवतमाळला एका लॅबमध्ये आहे. भाजीत फवारणीचं औषध किती उरलंय ते आम्ही शोधतो. भाजी बारीक करायची, औषध ओढून घेणारं सॉल्व्हंट टाकून हलवायची, वरचा स्वच्छ भाग मशीनला द्यायचा. औषध असलं की स्क्रीनवर टोक उठतं.

पण त्याआधी तीच भाजी औषधाशिवाय कशी दिसते, हे मशीनला दाखवावं लागतं. तिला आम्ही ब्लँक म्हणतो. ब्लँक नसेल तर रिपोर्टवर सही करायला माझा हात धजत नाही.

आणि बिनफवारणीची भेंडी आमच्याकडे शोधून दाखवा एकदा! ऑरगॅनिक लिहिलेली पाकिटं आणली. त्यांतही टोकं.

शेवटी आमच्या शिपायाने राळेगावकडच्या आपल्या मावशीचं नाव सांगितलं. शेताच्या कोपऱ्यात घरच्यापुरते भेंडीचे दोन वाफे, बाकी सगळा मुलाचा कापूस.

पहिल्यांदा तिने भेंडी धुऊन, पुसून, पिशवीत रचून दिली. मी कपाळावर हात मारला. तपासायची भाजी आम्ही न धुताच घेतो, म्हणून ब्लँकही धुतलेली चालत नाही.

"पाहुण्याले मातीची भाजी देते काय कोणी?" वर मलाच बोलली.

नंतर दर वेळी फोन करायची.

"काही निंगालं काय वं?"

"नाही मावशी."

"मंग येवढी मोठी मशीन कायले आणली?"

खरंच हिरमुसायची बाई.

मग एकदा निघालं. बारीकसंच टोक, पण कापसावर मारतात त्याच औषधाचं. मी तिला कळवलं.

"म्या नाही मारलं. तुमची मशीन खोटी हाये!" आणि फोन कट.

मशीनला खोटी म्हटलं की माझं डोकं फिरतं. पुन्हा चालवलं. तेच टोक. मग मीच फोन करून तिला वाऱ्याचं सांगितलं. शेजारी फवारलं की औषध उडून येतं, तुमचा दोष नाही.

पुढचं शिपायाने डोळ्यांनी पाहिलं. मुलगा पाठीवर पंप घेऊन आला, तर मावशी भेंडीच्या वाफ्यात उभी.

"माय, बाजूले हो."

"मार ना. भेंडीवर येते तं माह्या अंगावरही येऊ दे."

त्याने पंप बंद केला. तेव्हापासून वाफ्यालगतच्या कापसाच्या चार ओळी तो बिनफवारणीच्या सोडायचा. कुरकुर करत, पण सोडायचा. त्या ओळी दरवर्षी अळीने खाल्ल्या.

भेंडीत परत कधी काही निघालं नाही.

गेल्या वर्षी तिला ताप आला आणि तीन दिवसांत गेली. मी मातीला गेले नाही. सॅम्पल लावलेली होती. खोटं कशाला सांगू, जायला पाहिजे होतं. अजून वाईट वाटतं.

यंदा मुलाने वाफ्यांच्या जागीही कापूस लावला. शेत त्याचं आहे, मी काय बोलणार. आम्ही नवीन ब्लँक शोधतोय. मिळालेली नाही.

तिची भेंडी बारीक करून फ्रीजरमध्ये ठेवलेली होती, छोट्या पिशव्यांत. एकेक करत संपत आली. शेवटची पिशवी बरोबर आजच निघाली असं काही नाही. महिनाभर मीच ती मागे सारत होते.

आज काढली. वितळू दिली. मशीनला लावली.

समोर बसून राहायची गरज नसते. तरी बसले.

सरळ रेष आली. कुठेच टोक नाही.

आता फोन कोणाला करणार, म्हणून इथे लिहिते.

नमस्कार करते, मावशी. काही नाही निंगालं.