लसणीच्या तेलाचा वास

मी वाघोलीतल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर "तोच प्रयोग परत करून दाखवा" एवढंच म्हणत आले. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण कुठेतरी सांगायला हवं, आणि आमच्या स्टाफरूममध्ये तर ते सांगायची सोय नाही.

कोविड झाला तेव्हा मला वास येणं बंद झालं, ते कायमचंच. लॅबमध्ये कसला वास येतोय ते मुलं मला सांगतात. घरी ते काम माझ्या सासूबाई करायच्या. "मृणाल, दूध लागलं," असं हॉलमधून ओरडायच्या, आणि वर, "तुला काय, तू सुखी आहेस," हेही ऐकवायच्या. जिभेला धार होती, पण माझ्यावर जीव होता. गुडघ्यांना रोज एक तेल लावायच्या, खोबरेलात लसूण आणि ओवा कढवून वर कापूर टाकलेलं. मला वास येत होता तेव्हा त्या तेलानं माझं डोकं उठायचं. संध्याकाळी तेल चोळून त्या समोरच्या कुलकर्णी काकूंकडे पाय पसरून गप्पा मारत बसायच्या.

त्यांचा घरातला एक नियम मात्र कडक होता. आधी दिवा, मग बाकीचे दिवे. मी कॉलेजातून आले की चप्पल काढायची, हातपाय धुवायचे, हॉलमधल्या देव्हाऱ्यात समई लावायची आणि मगच ट्यूबचं बटण दाबायचं. त्या गेल्यावरही मी ते सोडलं नाही. श्रद्धा म्हणून नाही, त्यांची आठवण म्हणून.

त्यांच्यानंतर घरात मी आणि माझा नवरा अविनाश, दोघंच उरलो. त्याचं ऑफिसमधल्या एकीबरोबर काहीतरी चालू असल्याचा मला संशय होता. विचारलं की शांतपणे म्हणायचा, "मृणाल, हे तुझे भास आहेत." मग हळूहळू दुसरंच सुरू झालं. मी घरी यावं तर गॅसचं बटण अर्धवट चालू. "सकाळी तूच चालू ठेवून गेलीस... तुला वास येत नाही, जरा लक्ष ठेव ना." मला काही आठवायचं नाही. काकूंना, वॉचमनला, माझ्या भावाला, सगळ्यांना त्यानं काळजीच्या सुरात सांगून ठेवलं होतं, "हिचं हल्ली विसरणं वाढलंय, लक्ष असू द्या." मी स्वतःलाच घाबरायला लागले. कुलूप लावून निघाले तरी बसस्टॉपवरून परत यायचे. डॉक्टरची अपॉइंटमेंटसुद्धा घेतली होती.

त्या दिवशी अविनाश ऑफिसच्या कामाला नाशिकला गेला होता. मी जिना चढत होते तेवढ्यात त्याचा फोन आला.

"पोचलीस का गं? आज आईची फार आठवण येतेय. गेल्या गेल्या दिवा लाव हं तिच्यासाठी."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दिव्याची चौकशी त्यानं कधी केली नव्हती. मी अक्षरशः विरघळले. वाटलं, अजून काही बिघडलेलं नाही, हा माणूस परत येतोय.

घरात शिरले. संधिप्रकाश होता. समई तेलानं काठोकाठ भरलेली, वात घातलेली. मी कधी भरली ही? आठवेना. म्हटलं, झालं, हेही विसरलो आपण. काडेपेटी उघडून काडी हातात घेतली...

आणि वास आला.

आधी कापूर, मग ओवा, मग तो डोकं उठवणारा लसूण! सासूबाईंचं तेल! मला वास येतोय, या आनंदानंच मला रडू फुटलं. काडी तशीच हातात. मी नाक वर करून वास शोधत निघाले. देव्हाऱ्याजवळ होता, दारात जास्त, जिन्याजवळ त्याहून जास्त, आणि काकूंच्या दारासमोर तर इतका की डोळ्यांत पाणी यावं. मी त्यांच्या दारावर थापा मारल्या.

"काकू, मला वास येतोय! आईंच्या तेलाचा!"

काकूंनी दार उघडलं, एकदा माझ्या उघड्या दाराकडे नाक केलं आणि माझ्या हातावर फटका मारून काडी खाली पाडली. "तेलाचा कसला डोंबलाचा! गॅस आहे तो! कुठल्याही बटणाला हात लावू नकोस."

सत्तरीच्या बाईंनी नाकाला पदर लावून रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या. सगळ्या खिडक्या बंद होत्या आणि बाल्कनीच्या दाराखाली टॉवेल कोंबलेला होता.

तो टॉवेल बघून काकूंनी पोलीस बोलावले. महिला पीएसआय होत्या. शेजाऱ्यांशी बोलून मला म्हणाल्या, "मॅडम, गॅस चालू ठेवायची तुमची सवयच आहे म्हणे." मी मान खाली घातली. मलाही तेच वाटत होतं. टॉवेलसुद्धा मीच कोंबला असेल का, इथवर माझी मजल गेली होती. तेवढ्यात माझी नजर देव्हाऱ्याकडे गेली.

समईत एकच वात होती.

आमच्याकडे देवापुढे दोन वाती एकत्र करून लावतात. एकेरी वात फक्त गेलेल्या माणसाच्या उशाशी. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात हे माझ्याकडून घोटून घेतलं होतं. बाकी काहीही विसरेन, पण माझा हात एकेरी वात घालणारच नाही.

"हा दिवा मी भरलेला नाही," मी म्हणाले. कित्येक महिन्यांनी मी एखादी गोष्ट इतक्या ठामपणे बोलले होते.

पीएसआय बाईंनी समईकडे वाकून पाहिलं. "आमच्याकडेही दोनच असतात," म्हणाल्या, आणि सोसायटीचं सीसीटीव्ही मागवलं. दुपारी हेल्मेट न काढता जिना चढणारा एक माणूस त्यात दिसला, आणि चालीवरून तो अविनाश हे मी लगेच ओळखलं. तेल घ्यायला मी स्वयंपाकघरात गेले असते तर गॅसची फुसफुस ऐकू आली असती, म्हणून त्यानं दिवा आधीच भरून ठेवला होता. जन्मभर देव्हाऱ्याकडे पाठ करून बसलेला माणूस, त्याला वातींचं काय माहीत! फोनमधल्या मेसेजेसमध्ये त्या बाईचं प्रकरणही निघालं. तो आता आत आहे, केस चालू आहे.

आता वासाचं. गॅसमध्ये वासासाठी मर्कॅप्टन घालतात, त्याला थोडी लसणासारखी झाक असते. माझ्या मेंदूनं त्यातून तेल रचलं असेल, असं मी स्वतःला अनेकदा शिकवून पाहिलं. पण मग कापूर आणि ओवा कुठून आला? आणि गॅस स्वयंपाकघरात असताना, तिथून लांब जावं तसा वास वाढत का गेला? काकूंना तेलाचा वास अजिबात आला नव्हता. मलाही त्यानंतर आजपर्यंत कसलाच वास आलेला नाही.

काकूंना एकदा म्हटलं, "अविनाश पोटचा मुलगा होता हो आईंचा..."

"म्हणून तर," काकू म्हणाल्या. "जिवंतपणी तुझं एकदा तोंडभर कौतुक केलं नाही बाईंनी. साठवलं होतं सगळं."

मी त्याच फ्लॅटमध्ये राहते. डॉक्टरची ती अपॉइंटमेंट रद्द केली, कुलूप एकदाच लावते, रात्री छान झोप लागते. काकूंनी मला ते तेल करायला शिकवलं. दिवेलागणीला दोन वाती लावते आणि बाटलीचं झाकण उघडून नाकाशी धरते. अजून काही येत नाही. मग थोडं तेल काकूंच्या गुडघ्यांना चोळून देते, आणि त्या नाक मुरडून म्हणतात, "तुला काय, तू सुखी आहेस."

खरंच आहे मी.