गाडी आणि भिंत यांच्यामध्ये

‘बॅक अप’ या इंग्रजी क्रियापदाचे दोन अर्थ मी शिकवणीत एका दमात सांगून टाकते: गाडी मागे घेणं आणि एखाद्याच्या पाठीशी उभं राहणं. आज सकाळी हे दोन्ही अर्थ मला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकत्र दिसले.

नजर अधू झाल्यामुळे डॉक्टरांनी शेजारच्या काकांचं गाडी चालवणं बंद केलंय. म्हणून काकू साठीत गाडी शिकल्या. आज त्या पहिल्यांदाच ती मागे घेत होत्या. काका भिंतीला पाठ टेकून उभे राहिले आणि म्हणू लागले, “येऊ दे, येऊ दे.”

“अहो, तुम्हाला नीट दिसतंय कुठे?”

“दिसायला कशाला हवं? पोटाला लागली की बास म्हणतो.”

“आधी बाजूला व्हा.”

“बाजूला झालो तर भिंतीवर घालशील. माझ्यावर नाही घालायचीस.”

एरवी आपण पाठिंबा देतो तो आपल्याला धक्का लागणार नाही इतक्या अंतरावरून. काका मात्र जागचे हलले नाहीत. गाडी हळूहळू मागे आली. त्यांनी डिकीवर तळहात टेकला आणि ते ‘बास’ म्हणायच्या आतच काकूंनी ब्रेक दाबला.