एकशे सत्तावीस दातांचा गिअर

"सावंत, स्क्रू होणार आहे की नाही? नसेल तर आत्ताच सांगा. मशीन भंगारात काढते."

प्रभाताई आमच्या लालबागच्या वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसून विचारत होत्या. यजमान गेल्यापासून गिरगावातला छापखाना त्या एकट्याच चालवत. एकच मशीन, तेही जर्मन. त्यातला कागदाचं टेबल वरखाली करणारा फूटभर लांब स्क्रू तुटला होता. लग्नपत्रिका थांबल्या होत्या, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांची पत्रकंही. परदेशातून मागवायचा तर परवान्यातच वर्ष जायचं. मी, सावंत, त्या वर्कशॉपमध्ये टर्नर होतो, लेथवर धातू कातणारा.

अडचण अशी होती. स्क्रूचे आटे मिलिमीटरच्या मापाचे, आमचा लेथ विलायती, इंचाचा. दोघांचा मेळ गिअरच्या दातांवर घालावा लागतो. मिलिमीटरचा हजारावा भाग घेतला, तर एका इंचात ते बसतात पंचवीस हजार चारशे. संख्या मोठी, पण दिसायला गरीब. दोनने तीनदा भाग जातो, पाचने दोनदा. मग उरतात एकशे सत्तावीस, आणि तिथे गाडी अडते. ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडली, तर कोणालाच दाद देत नाही. म्हणजे एकशे सत्तावीस दातांचा गिअर हवाच, आणि तो आमच्याकडे नव्हता.

आपणच कापायचा तर दात सारखे पडायला हवेत. त्यासाठी आम्ही भोकांच्या चकत्या वापरायचो. भोकं मोजून चाक तेवढं फिरवायचं आणि दात कापायचा. पण एकशे सत्तावीसला चालेल अशी चकती पेटीत एकही नव्हती.

"एकशे अठ्ठावीस कर रे," फोरमन गावडे म्हणाले. "एका दाताने काय होतंय?"

"फुटाला दोन मिलिमीटरच्या वर फरक पडेल. स्क्रूवरचा नट अर्ध्यातच अडकेल."

"मग हे मुंबईसह संयुक्त प्रकरण दिसतंय. तुकडे पडायचे नाहीत!"

सगळे हसले. प्रभाताई हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "गोलाचे भाग पडत नाहीत. आणि सरळ पट्टीचे?"

"पट्टीचे हवे तितके. अर्धा-अर्धा इंच मोजत जायचं."

"मग पट्टीवर खुणा करा आणि चाकाला गुंडाळा. आम्ही सिलिंडरला रोज कागद गुंडाळतो."

मी पेन्सिल शोधू लागलो. गावड्यांनी तोवर सुताराला हाक मारलीसुद्धा.

जाड कागद प्रभाताईंनीच छापखान्यातून आणला. मी पट्टीवर अर्ध्या-अर्ध्या इंचाचे एकशे सत्तावीस भाग आखले. सुताराने दिलेलं लाकडी चाक लेथवर थोडं थोडं उतरवत गेलो, पट्टीची दोन टोकं नेमकी भिडेपर्यंत. गोंद घेतला तर ताई ओरडल्या, "सगळीकडे नको हो! ओला कागद वाढतो. टोकाला तेवढा लावा."

ते चाक आणि कोरा गिअर एकाच दांड्यावर चढवले. एक खूण सरकली की एक दात. चाक मोठं, गिअर लहान, त्यामुळे माझ्या हाताची चूक गिअरवर येईतो बारीक होत गेली. शेवटचा दात पहिल्याच्या शेजारी चोख बसला.

स्क्रू बसला, मशीन चाललं. ताई पहिलं पत्रक घेऊन आल्या, शाई अजून ओली होती. "फार उपकार झाले," म्हणाल्या.

"ताई, स्क्रू माझा, पण गिअर तुमचा," मी म्हटलं. ते मनापासून होतं.

पुढे देशभर मीटर आणि किलो आले, मिलिमीटरची कामं रोज येऊ लागली. ती सगळी त्याच गिअरने काढली. मी फोरमन झालो तोही त्याच्याच जोरावर, आणि त्याचं ऋण मी आजही मानतो.

तेव्हा एखाद्या संख्येला भाग जात नसेल, तर तिच्यावर डोकं फोडत बसू नये. गिऱ्हाइकाला बसायला स्टूल द्यावं आणि ते काय म्हणतं ते ऐकावं.