विहीणबाईंची दुसरी भाषा

उभा जन्म लोकांना भूल देण्यात गेला, पण आपल्याला कुणी भुलवू शकत नाही अशी डॉक्टर सुचित्राची पक्की खात्री होती. निवृत्तीनंतर ती अमेरिकेत अ‍ॅशबर्नला मुलाकडे, नकुलकडे राहायला आली. सून रत्ना इंडोनेशियाची, जकार्तात वाढलेली. तिला सातवा लागला तशी तिची आई, सुलास्त्री, बाळंतपणासाठी येऊन दाखल झाली. हसतमुख, अदबशीर बाई. सुचित्राला ती अदबच खुपायची.

विहीणबाई सारख्या बहिणीशी फोनवर बोलायच्या. सुचित्रा भाजी चिरता चिरता ऐकायची. त्या परक्या बोलण्यात मधूनच ओळखीचे शब्द डोकं वर काढायचे. सुआमी. दोसा. आणि पुन्हा पुन्हा राहासिया. स्वामी म्हणजे नवरा, दोष, रहस्य! त्यातून रत्ना जिना उतरताना दिसली की बाईंचं बोलणं एकदम बदलायचं. सूर वेगळा, शब्द वेगळे.

"नकुल, तुझ्या सासूबाई काहीतरी लपवतायत."

"आई, प्लीज यार! डिटेक्टिव्हगिरी बंद कर."

शेवटी तिनं रत्नालाच विचारलं, "तुझी आई मावशीशी मधेच कुठली भाषा बोलते गं?"

"ती जावानीज. मला नाही येत. बाबांची सुंदानीजपण नाही. घरात आम्ही इंडोनेशियनच बोलायचो." रत्ना इंग्रजीत सांगू लागली, "आमच्याकडे सातशेच्या वर भाषा आहेत, आई. जास्त लोक जावानीज बोलणारे, पण देशासाठी निवडली ती बंदरांतल्या व्यापाऱ्यांची मलय. तिच्यात कुणा मोठ्या गटाची दादागिरी नव्हती ना! तिचीच पुढे इंडोनेशियन झाली. संस्कृत, अरबी, डच, सगळ्यांचे शब्द आहेत तिच्यात."

सुचित्राच्या मनात मात्र वेगळंच चक्र फिरू लागलं. म्हणजे बाई लपवतायत ते पोटच्या मुलीपासून!

नकुल आणि रत्ना तपासणीला गेले, तेव्हा ती विहीणबाईंसमोर जाऊन बसली आणि इंग्रजीत म्हणाली, "सुआमींचं काय राहासिया आहे?"

सुलास्त्रीचा चेहरा पांढराफटक पडला. "तुम्हाला इंडोनेशियन येतं?"

"नाही. मराठी येतं."

मग बाईंचा बांध फुटला. त्या इकडे पोचल्या आणि तिकडे नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. रत्नाचं बीपी आधीच वाढलेलं, म्हणून कुणी तिला सांगितलं नव्हतं. "तिला अंधारात ठेवणं दोसा आहे, पाप आहे, हे मीच रोज बहिणीला सांगते."

तरीही सुचित्राचा विश्वास बसेना. तिनं रिपोर्ट मागितले, मोबाइलवर नीट वाचले. खरं होतं. जिवाचा धोका टळला होता. ती ओशाळली, पण आवाज डॉक्टरचाच ठेवला. "आजच सांगायचं. तिचं बीपी मी बघते."

घरी आल्यावर सगळं ऐकून रत्ना रडली, आईवर चिडली, मग तिनं व्हिडिओ कॉल लावला. बाबा दिसले. तोंड जरा वाकडं होतं, पण बोलत होते. रत्नाला मात्र एक शब्द कळेना. त्या झटक्यात त्यांची इंडोनेशियन पुसली गेली होती. उरली होती लहानपणची सुंदानीज, आणि ती सासरी ऐकून ऐकून सुलास्त्रीलाच तेवढी कळत होती.

"काय म्हणतायत?" रत्नानं आईचा हात घट्ट धरला.

"म्हणतात, मी बरा आहे."

एवढं लांबलचक बोलणं, आणि अर्थ तीन शब्दांचा? सुचित्राला राहवलं नाही. "एवढंच?"

सुलास्त्रीनं मान खाली घातली. "म्हणतात, पोरीला माझी भाषा का नाही शिकवलीस?"

रत्नानं डोळे पुसले आणि फोन तोंडाजवळ घेतला. "बाबा, सावकाश बोला. आई, त्यांचा पहिला शब्द कुठला होता, तो मला म्हणून दाखव."