पाणी भरणाऱ्याचं मत

रविवारी सकाळी दहा वाजता बसवराजचा फोन यायचा. आठवडाभरात जे पाहिलं असेल, सिनेमा किंवा मालिका, त्याची हकीकत एका रविवारी त्याने सांगायची आणि एका रविवारी मी. त्या रविवारी माझी पाळी होती. फोन वाजला, त्याचं नाव दिसलं आणि मी 'हॅलो'सुद्धा न म्हणता सुरू झालो. निवृत्तीला आलेल्या एका पोलिसाची मालिका होती. तो हरवलेल्या पोरीच्या घरी रोज संध्याकाळी जातो, चहा घेतो आणि काहीच न सांगता परत येतो, इथपर्यंत मी आलो होतो. मिनिट-दोन मिनिटं मी बोलत असेन. पलीकडून 'हं' नाही, 'फुडं?' नाही. मग महानंदा वहिनींचा आवाज आला. "भावजी, मी बोलायले. हे गेले काल सांजच्याला. खुर्चीत बसल्या बसल्या. आज तीनला माती हाय."

मी "बरं" म्हणालो. एवढंच म्हणालो.

नांदेडहून लातूरची बस पकडली. वाटेत काय विचार केला ते आठवत नाही. शेजारच्या माणसाने विचारलं, कुठे निघालात, तर मी म्हणालो, मित्राकडे. पोचलो तेव्हा त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्याला बसवलेलं होतं, कपाळाला भस्म, गळ्यात हार. बसलेला असल्यामुळे तो आता मान वळवून काहीतरी खोचक बोलेल असं वाटत राहिलं. रडू मात्र आलं नाही. आज महिना झाला, अजूनही आलेलं नाही. ते का, हे सांगायचं तर आधी सगळी हकीकत सांगावी लागेल. त्याचाच नियम होता तो... आधी हकीकत, मग मत.

लातूर जिल्हा नवा झाला होता त्या काळात आम्ही एका खोलीत राहत होतो. मी शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यातून बी.ए. करायला आलेला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीसुद्धा पाहिली नव्हती. बसवराज उदगीरचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याच्या घरचं भुसारीचं दुकान होतं, पण दुकानात बसायचं नाही म्हणून नव्या जिल्ह्याच्या एका नव्या कचेरीत तो कारकून झाला होता. कचेरी भाड्याच्या घरात होती. जुन्या जिल्ह्याहून ट्रंका भरून कागद आले होते आणि त्यांच्या याद्या करणं हे त्याचं काम. "मास्तर," तो मला म्हणायचा. मी अजून कॉलेजातच होतो, पण तू मास्तरच होणार, तुझ्या तोंडावरच लिहिलंय, असं तो म्हणे. "आमचा जिल्हा झाला, पर अजून सगळा ट्रंकेतच हाय."

दुष्काळाची वर्षं होती. आमच्या गल्लीत टँकर रविवारी सकाळी यायचा आणि नेमकी त्याच वेळी टीव्हीवर एक मालिका लागायची. टीव्ही घरमालकांच्या पुढच्या खोलीत, काळा-पांढरा. निम्मी गल्ली तिथे बसलेली आणि उरलेली निम्मी घागरी घेऊन रांगेत. दोघांनी मालिका पाहिली तर आठवडाभर पाणी नाही. दोघं रांगेत उभे राहिलो तर मालिका नाही. तेव्हा बसवराजने नियम काढला. एका रविवारी त्याने पाहायची, मी पाणी भरायचं. पुढच्या रविवारी उलट. जो पाहील त्याने हकीकत सांगायची, आणि जो पाणी भरील त्याने मत द्यायचं. पाहणाऱ्याला मत द्यायचा हक्क नाही.

"हे उलटं झालं," मी म्हणालो. "न पाहणाऱ्याने मत कसं द्यायचं?"

"मग पाहणाऱ्याला दोन्ही द्यायचं का? तो खुर्चीत बसला, त्याला हवा लागली. उन्हात उभं राहिला त्याला काय, नुसती घागर?"

आणखी एक पोटनियम होता. हकीकतीत पदरचं घालायचं नाही. एकदा मी मालिकेतल्या म्हातारीला दोन वाक्यं जास्तीची दिली, तर त्याने मला मध्येच थांबवलं. "न्हाई मास्तर. ही म्हातारी एवढं बोलत न्हाई. हे तुझं हाय." मी कबूल केलं. त्याला ते कसं कळायचं कोण जाणे. कचेरीत जुन्या कागदांशी नवे कागद ताडून पाहायची सवय होती म्हणून असेल.

मालिका रेल्वे फाटकावरच्या एका गेटमनची होती. आडजागी फाटक, जवळ एक खोली, घरात म्हातारी आई, बायको, आणि शहरात कॉलेजला असलेला एकुलता मुलगा. फार काही घडत नसे. गाड्या यायच्या, गेटमन हिरवा बावटा दाखवायचा. पण तो मुलगा सुट्टीत घरी आला की मला माझंच घर दिसायचं.

परीक्षेला दोन महिने राहिले असताना गावाहून पत्र आलं. वडील रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडत होते, तिथे पाय मोडला. पत्र दुसऱ्या कोणाच्या अक्षरातलं, वडिलांना लिहिता येत नव्हतं. आपल्या जागी तू ये, एवढंच त्यात होतं. मी पिशवी भरली. सोमवारी सकाळच्या बसने निघायचं ठरवलं. बसवराज त्यावर काहीही बोलला नाही. मधला रविवार पाहण्याचा त्याचा होता. मी रांगेत उभा राहिलो, चार घागरी भरून आणल्या आणि उंबऱ्यावर बसलो. तो येऊन समोर बसला आणि त्याने हकीकत सांगितली.

गेटमन आजारी पडलाय. मुलगा कॉलेज सोडून गाडीने येतो. फाटकाशी उतरतो. बाप त्याला बघतो, काही बोलत नाही. आतून तांब्याभर पाणी आणून देतो. मुलगा पाणी पितो. मग बाप खिशातून परतीचं तिकीट काढून त्याच्या हातात ठेवतो आणि म्हणतो, उलटी गाडी तासाभरात हाय.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. दे मत."

मी एक घागर भिंतीशी सरकवली. मग म्हणालो, "बापाने बरोबर केलं."

"बरं," तो म्हणाला. "तुझं मत हाय." आणि घागरी आत नेऊ लागला.

सोमवारी मी बसला गेलो नाही. पिशवी तशीच खिळ्याला राहिली. घरी लिहिलं की परीक्षा झाली की येतो. बसवराजने त्याच दिवशी जाहीर केलं, "परीक्षेपर्यंत तुझा टीव्ही बंद. आन तू बघणार न्हाईस तर मीबी न्हाई." रविवारचं पाणी त्या दिवसापासून तोच आणू लागला. मालकांची पोरं मालिकेबद्दल काही बोलायला लागली की त्यांना हाकलायचा. "गप रे, मास्तरचा अभ्यास हाय." परीक्षा झाली तोवर मालिका संपून गेली होती. तिचा शेवट आम्ही दोघांनीही पाहिला नाही. माझ्यासाठी त्याने एवढं सोडलं, हे मी पुढे कितीतरी जणांना सांगितलं.

मी पदवीधर झालो. अर्धापूरच्या शाळेत लागलो, नांदेडला घर केलं. आज जे काही आहे ते त्या कागदामुळे आहे. आणि गावी त्या वेळी वडिलांच्या जागी माझी धाकटी बहीण मंदा खडी फोडायला गेली. नववीत होती. उन्हाळाभर गेली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती शाळेत परत गेली नाही. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, मीही कधी काढलं नाही.

बसवराज लातूरलाच राहिला. पत्रांतून, मग फोनवर आमच्या हकीकती चालू राहिल्या. त्याला सहसा काही पटायचं नाही. रेल्वेने लातूरला पाणी आलं त्या साली म्हणाला, "मास्तर, आता गाडीच पाणी घेऊन यायली. मालिकेत दाखवलं असतं तर तू म्हणला असतास, हे काय पटत न्हाई." मी मात्र दर चार-सहा महिन्यांनी कुठल्यातरी सिनेमाला तिकिटाच्या त्या प्रसंगाशी ताडून बघायचो. म्हणायचो, कोणाला जमलं नाही रे परत तसं, नुसता तांब्या आणि तिकीट. तो म्हणायचा, "हाव, बरा होता." आणि विषय बदलायचा. फोन ठेवताना मात्र दर वेळी विचारायचा, "मंदी कशी हाय?" माझ्या बायकोची, मुलांची विचारपूस कधी करायचा, कधी नाही. मंदाची न चुकता.

तेराव्या दिवशी मी पुन्हा लातूरला गेलो. मंडळी जेवून उठली तेव्हा वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "भावजी, त्या पोलिसाचं फुडं काय झालं?"

मला क्षणभर कळेना.

"तुम्ही फोनवर सांगत होता न्हाई का. मला मधी तोडता येईना. तेच डोक्यात राहिलंय."

मी त्यांना उरलेली मालिका सांगितली. पोरगी सापडत नाही, पण पोलीस निवृत्त झाल्यावरही चहाला जात राहतो. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मग बरंय." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "तुमची ती फाटकवाल्याची मालिका ह्यांना गेल्या साली मोबाइलवर सापडली. सगळी पाहिली बसून. मी म्हणलं, भावजींना कळवा की. तर म्हणले, नको. त्याला त्याचं तिकीट न्हाई सापडायचं त्यात."

मी विचारलं, म्हणजे?

"ते म्हणले न्हाईत. मी इचारलं न्हाई."

घरी आल्यावर मुलीने मला ती मालिका शोधून दिली. चित्र खराब, आवाज फाटका. तो भाग मी तीनदा पाहिला. मुलगा गाडीतून उतरतो. बाप खाटेवर पडून आहे. मुलगा कोनाड्यातून हिरवा बावटा घेतो, बाहेर जाऊन फाटकाशी उभा राहतो, गाडी जाते. बाप खिडकीतून बघतो आणि डोळे पुसतो. पुढच्या भागातही मुलगाच फाटकावर आहे. शेवटापर्यंत तोच आहे. तांब्या कुठे नाही. तिकीट कुठेच नाही.

म्हाताऱ्या बाईला दोन वाक्यं जास्तीची दिली म्हणून मला थांबवणारा माणूस. त्याने एकदाच पदरचं घातलं, आणि ते उघडं पडू नये म्हणून स्वतःची मालिकाही सोडून दिली. मला राग यायला हवा होता, किंवा भरून तरी यायला हवं होतं. यातलं काहीच आलं नाही. मी फोन चार्जिंगला लावला आणि जेवायला बसलो. जेवताना एवढंच लक्षात आलं, की 'मंदी कशी हाय' हे तो इतकी वर्षं का विचारत होता.

त्यानंतरच्या रविवारी दहा वाजता मी मंदाला फोन लावला. ती शिरूर अनंतपाळला असते. असा अवचित दादाचा फोन म्हटल्यावर घाबरली. मी म्हणालो, काही नाही, एक हकीकत सांगायची आहे. मग टँकर, रांग, आमचा नियम, वडिलांचं पत्र, बसवराजने सांगितलेला प्रसंग आणि मालिकेत खरं काय आहे तो प्रसंग, सगळं सांगितलं. पदरचं काही घातलं नाही. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. सांगून झाल्यावर मी थांबलो. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"दादा," ती म्हणाली, "नळ आलेत. आठ दिवसांनी आलेत. पाणी भरून घेते, मग सांगते."

त्याला आता दोन रविवार झाले, तिचं मत अजून आलेलं नाही. दहा वाजले की मी खिडकीजवळच्या खुर्चीत फोन घेऊन बसतो.