खांबावरच्या कुबड्या

क्युबेकच्या त्या गावी आम्ही नवस फेडायला नव्हे, वॉशरूमसाठी थांबलो होतो. आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही. बावीस प्रतिज्ञा मला शाळेच्या कवितांआधी पाठ झाल्या. ऑन्टारिओतल्या लंडनहून इतक्या लांब आल्यावर लेकीला जरा टेकायला जागा हवी होती, एवढंच. नऊ वर्षांची पोर, मांडीच्या हाडात पोकळी झालेली. ऑपरेशनपर्यंत पाय अजिबात टेकवायचा नाही, टेकवला तर हाड मोडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून तिच्या कुबड्यांचा आवाज थांबला की मी हातातलं काम टाकून तिच्याकडे धावायचे.

सेंट लॉरेन्सच्या काठावरचं ते चर्च येशूच्या आजीचं. पांढऱ्या केसांच्या एका स्वयंसेविकेने फ्रेंच वळणाच्या इंग्लिशमध्ये लेकीला सगळी कथा ऐकवली. वादळात सापडलेल्या खलाशांनी या आजीचा धावा केला, वाचले, आणि काठावर लाकडाचं देऊळ उभं राहिलं. पायाचे दगड रचायला आलेला एक कंबर धरलेला गडी तिथेच ताठ उभा राहिला. इथले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या आज चालू असलेल्या या जुलैच्या सणाला येतात, त्यांच्यात आजीचा मान मोठा. काही भाविक शेजारचा जिना गुडघ्यांवर चढतात. दाराशी दोन खांब होते, कुबड्या आणि काठ्यांनी वरपर्यंत झाकलेले.

"हे सगळे चालत घरी गेले," बाई म्हणाल्या.

मला रागच आला. ज्यांचे पाय बरे झाले नाहीत ते आपापल्या कुबड्या घेऊन परत गेले असणार, त्यांचा खांब कुठे आहे? पण लोकांच्या देवळात वाद कशाला, म्हणून लेकीला जवळच्या बाकावर बसवलं.

नवरा गाडी लावायला गेला होता. त्याला फोन करायला मी बाजूला झाले, आणि वळून बघते तर बाकावर लेक नाही. खांबाच्या पायथ्याशी, त्या जुनाट लाकडांत, तिच्या जांभळी टेप गुंडाळलेल्या कुबड्या. ती पार पुढे, त्या आजीच्या मूर्तीजवळ, दोन्ही पायांवर उभी होती. कशालाही धरलेलं नाही. भोवती सणाची गर्दी, कुणाचा नुसता धक्का पुरे झाला असता. हाक मारावी तर दचकून पडेल. मी चवड्यांवर चालत गेले आणि मागून तिला उचललं.

"मम्मी, यू आर शेकिंग."

"दुखतंय का? कुठे दुखतंय, बाळा?"

"नो. आय लेफ्ट देम फर्स्ट. नाऊ शी हॅज टू फिक्स इट."

तेवढ्यात नवरा आला. तिला त्याच्या कडेवर देऊन मी खांबाकडे गेले. कुबड्यांना हात घातला आणि हात तिथेच थांबला. या परत घेतल्या म्हणजे पोर बरी होणार नाही, असं मीच कबूल करतेय, असं काहीतरी खुळं मनात आलं. स्वतःची चीड आली, भीती मात्र गेली नाही. ती स्वयंसेविका बघत होती. मी कुबड्या ओढून काढल्या.

"बट मम्मी," लेक बापाच्या खांद्यावरून म्हणाली, "नाऊ शी विल थिंक वी डोन्ट वॉन्ट इट."

असं काही नसतं गं, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. पण कुबड्या काखेत धरून मी त्या मूर्तीकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, आजी, तसं नाही हो. हवंय आम्हाला.